शेवटचं प्रकरण

आईच्या ‘स्वामी’ला खाकी कागदाचं वेष्टण आहे आणि पाठीला जाड दोऱ्याची शिवण. ती शिवण नागपूरच्या महाल भागातल्या एका बाइंडरनं घातलेली. आत हळदीचे डाग आहेत, एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ आहे आणि मधेच कुठेतरी एस.टी.चं जुनं तिकीट खुणेसाठी अडकवलेलं आहे. २०१७ साली महालातलं भाड्याचं घर सोडून आम्ही बेसाला राहायला आलो, तेव्हा आईनं हे पुस्तक सामानाच्या टेम्पोत जाऊ दिलं नाही. देवाच्या डब्याबरोबर स्वतःच्या पिशवीत घेऊन ती रिक्षात बसली.

तेव्हा बेसा म्हणजे नागपूरच्या लोकांना फार लांबचं वाटायचं. ‘मनीषनगरच्याही पुढे?’ असं विचारायचे. आमच्या स्कीमच्या मागे शेत होतं, पावसाळ्यात रात्रभर बेडूक ओरडत. आता घोगलीकडे बघावं तिकडे नव्या स्कीमा उभ्या आहेत, बेसा-पिपळा नगरपंचायत झाली आहे, आणि स्वामी समर्थांच्या मंदिरामुळे गुरुवारी बेसा चौकातून गाडी काढणं अवघड होतं. मंदिराचं सांगण्याचं कारण असं, की आमच्या पुस्तकभिशीत ‘या खेपेला स्वामी वाचू’ असं ठरलं, तेव्हा दोघीजणींना ते पोथीबद्दलच वाटलं होतं.

पुस्तकभिशी म्हणजे आम्ही अकराजणी महिन्याला दोनशे रुपये टाकतो. जिच्या नावाची चिठ्ठी निघेल तिनं त्या पैशांची पुस्तकं आणायची आणि सगळ्यांनी वाचून स्कीमच्या हॉलमधल्या कपाटात ठेवायची. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मार्चमध्ये, चिठ्ठी माझ्या नावाची निघाली. मी रणजित देसाईंच्या ‘स्वामी’च्या तीन प्रती आणल्या. आमच्यातल्या तरुण मुलींनी ती वाचलेलीच नव्हती. माझ्या सुनेनंसुद्धा नाही. ती मिहानमध्ये एका कंपनीत काम करते, इंग्रजी पुष्कळ वाचते. मला मनापासून वाटत होतं, की हे पुस्तक तिनं वाचावं आणि तिलाही ते माझ्यासारखं आवडावं.

मी चौदा वर्षांची असताना ‘स्वामी’ पहिल्यांदा वाचली. उन्हाळ्याच्या सुट्टीत, वाळ्याच्या ताटीशेजारी पालथं पडून. पानिपतानंतर सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं अंगावर घेणारा माधवराव, त्याला छळणारे राघोबादादा, करारी आई गोपिकाबाई, आणि या सगळ्या धुमश्चक्रीत त्याची रमा. ती दोघं एकमेकांशी ज्या अदबीनं, ज्या जिव्हाळ्यानं बोलतात, तसं बोलणारं जोडपं मी आमच्या वाड्यात पाहिलं नव्हतं. वाड्यात नवरे बायकोला ‘अगं ए’ म्हणत. नवरा-बायकोत प्रेम असतं आणि ते शब्दांत बोलता येतं, हे मला या कादंबरीनं शिकवलं. पुढे दूरदर्शनवर तिची मालिका आली. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांना पाहायला आमच्या घरी शेजारच्या आठ-दहा बायका येऊन बसायच्या. कादंबरी १९६२ ची, तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार. पण या गोष्टी मला फार नंतर कळल्या. चौदाव्या वर्षी एवढंच कळलं होतं, की थेऊरला माधवराव गेला, रमा त्याच्यामागे सती गेली, आणि मी उशीत तोंड खुपसून रडले. रडून झाल्यावर मला छान वाटलं होतं. प्रेम करावं तर असं, असं वाटलं होतं. हे मी आज लपवत नाही.

१९ एप्रिलला, शनिवारी दुपारी आम्ही हॉलमध्ये जमलो. बाहेर ऊन रणरणत होतं, कूलरचा आवाज इतका की मोठ्यानं बोलावं लागत होतं. कुणी पुडाची वडी केली होती, कुणी पन्हं आणलं होतं. आमच्यातल्या वयानं मोठ्या काकूंनी सुरुवात केली. त्या म्हणाल्या, पुन्हा वाचताना पुन्हा रडू आलं, असं पुस्तक आता लिहीत नाहीत. दोघी-तिघींनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग माझी सून बोलली. तिनं पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करून आणल्या होत्या. ती म्हणाली, “काकू, मला पण रडू आलं. पण नंतर मला राग आला. माझ्याकडून हे रडू काढून घेतलं असं वाटलं. सत्तावीस वर्षांचा नवरा क्षयानं जातो, ते दुःख आहे. पण जिवंत बाई चितेवर बसते, ते वाचताना मला छातीत धडकी भरायला हवी. इथे मला भरून येतं. लेखकानं असं लिहिलं आहे की आपण हात जोडून उभं राहावं.”

काकू म्हणाल्या, “अगं, तेव्हाचा काळच तसा होता. त्यांनी जे झालं ते लिहिलं.”

“काळ तसा होता, मान्य. पण पुस्तक १९६२ चं आहे ना? सती बंद होऊन तेव्हा एकशे तीस वर्षं झाली होती.”

हे तिनं इतक्या शांतपणे म्हटलं, की कुणालाच लगेच उत्तर सुचलं नाही. महालात माहेर असलेली एक मैत्रीण मधेच म्हणाली, “मला तर आपल्या जानोजी भोसल्यांचंच वाईट वाटून राहिलं होतं.” त्यावर सगळ्या हसल्या आणि हवा जरा हलकी झाली. पण तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पुण्याहून पाहिलं तर जानोजी फितूर दिसतात. माधवरावांच्या फौजा विदर्भात शिरल्या आणि १७६९ मध्ये कनकापूरच्या तहानं जानोजींना नमावं लागलं, हा इतिहास नागपूरकराला तसा गोड लागणार नाही. आम्ही शाळेत असतानाही ‘स्वामी’ वाचताना ही पानं भराभर उलटायचो.

आमच्या शेजारच्या विंगमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. सगळ्या त्यांना मॅडम म्हणतात. त्या फार कमी बोलतात. चौदा एप्रिल, आंबेडकर जयंती, नुकतीच झाली होती, त्यांच्या घरच्या खिरीचा डबा पाच दिवसांपूर्वीच माझ्याकडे आला होता. त्या म्हणाल्या, “मी हे पुस्तक कॉलेजात असताना अर्धं वाचून ठेवून दिलं होतं. आत्ता भिशीसाठी पुरं केलं. पेशवाई म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येतो. माझ्या आजीच्या तोंडी पेशवाई म्हणजे गळ्यात मडकं आणि कंबरेला झाडू. मग मला त्या वाड्यातल्या प्रेमकथेत कुठून बसायचं ते समजत नव्हतं.”

कूलरच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

“पण या खेपेला मी रमाबाईसाठी वाचलं,” त्या पुढे म्हणाल्या. “बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातींवर निबंध वाचला. पंचवीस वर्षांचे होते. त्यात त्यांनी सती, सक्तीचं वैधव्य आणि मुलींची बालपणी लग्नं, या तिन्हींचा एकत्र विचार केला आहे. जातीतल्या जातीत लग्न टिकवायचं, तर नवरा मेलेली बाई ही अडचण होते. तिला जाळा, नाहीतर मुंडण करून कोपऱ्यात बसवा. आणि या चालींचं गुणगान कसं झालं, त्याबद्दल ते म्हणतात, की चाली पाळल्या जात होत्या म्हणून त्यांचा गौरव झाला. गौरव होता म्हणून त्या पाळल्या गेल्या असं नाही. मला वाटलं, ही कादंबरी त्या गौरवाचंच शेवटचं टोक आहे. रमाबाई लहानपणी लग्न होऊन आली आणि शेवटी चितेवर गेली. तीनातल्या दोन गोष्टी तिच्या एकटीच्या वाट्याला आल्या.”

काकूंना ते लागलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, म्हणजे आम्ही इतकी वर्षं रडलो ते चूक का?”

“नाही वो काकू,” मॅडम म्हणाल्या. “मी पण रडलेच.”

यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, पण दोन तट पडले. कुणी म्हणालं, तीन प्रती कपाटात ठेवूच नयेत, लहान मुली वाचतात. कुणी म्हणालं, अशानं तर रामायणही काढावं लागेल. कुणी सुचवलं, आत एक चिठ्ठी चिकटवू या, शेवटच्या प्रकरणाबद्दल चार ओळी लिहून. काकू म्हणाल्या, पुस्तकावर चिठ्ठी चिकटवणं म्हणजे पाहुण्याच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवण्यासारखं आहे. मी ‘स्वामी’च्या बाजूनं बोलले. भाषेबद्दल बोलले, माधवरावांच्या न्यायाबद्दल, रामशास्त्र्यांबद्दल. बरंच बोलले. सून माझ्याकडे पाहत होती. घरी येताना लिफ्टमध्ये ती एवढंच म्हणाली, “आई, तुम्ही शेवटच्या प्रकरणाबद्दल काहीच बोलल्या नाहीत.”

खरंच बोलले नव्हते. कारण त्या प्रकरणाशी माझा जुना हिशेब बाकी होता.

१९८७ साली मी बी.ए.ला होते. ४ सप्टेंबरला राजस्थानात सीकर जिल्ह्यातल्या देवराला गावात रूपकंवर नावाची अठरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या चितेवर जळाली. लग्नाला जेमतेम आठ महिने झाले होते. आमच्या घरी पेपर यायचा, त्यात तिच्या लग्नातला फोटो होता. नंतर तिथे चुनरीचा सोहळा झाला, प्रचंड गर्दी जमली, जयजयकार झाला. मी तो फोटो बघत बसले होते आणि माझ्या मनात पहिलं नाव आलं ते रमाबाईंचं. क्षणभर, अगदी क्षणभर, मला तोच जुना गहिवर आला. मग मला माझीच भीती वाटली. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान मुलगी जळाली होती आणि मला गहिवरून येत होतं. हा गहिवर माझ्यात कुठून आला ते मला माहीत होतं. त्याच वर्षी सतीच्या विरुद्ध नवा कायदा झाला, त्यात सतीचा गौरव करणंसुद्धा गुन्हा ठरलं. गौरव केल्याच्या एका खटल्यातले आठ जण २०२४ मध्ये निर्दोष सुटल्याची बातमी मी बेसाच्या याच घरात वाचली. मधे सदतीस वर्षं गेली होती. ती बातमी वाचून मी पेपर घडी करून ठेवला आणि कुणाशी काही बोलले नाही.

भिशीनंतरच्या आठवड्यात मी घरातली आणि वाचनालयातली पुस्तकं काढून बसले. जे मला आधी माहीत होतं ते मी कधी एकाशेजारी एक ठेवून पाहिलं नव्हतं. १६६४ मध्ये शहाजीराजे गेले तेव्हा जिजाबाई सती निघाल्या होत्या, शिवाजी महाराजांनी त्यांना थांबवलं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडला. अहिल्याबाई सती जायला निघाली, तिला सासऱ्यानं, मल्हाररावांनी अडवलं. तिनं पुढे जवळजवळ तीन दशकं माळव्याचा कारभार केला. त्या वर्षी तिची त्रिशताब्दी म्हणून नागपूरच्या चौकाचौकांत तिचे फलक लागले होते. म्हणजे माधवराव थेऊरला गेले त्या १८ नोव्हेंबर १७७२ या दिवशी अहिल्याबाई राज्य करत होती. खुद्द पेशव्यांच्या घरात गोपिकाबाई नानासाहेबांच्या मागे सत्तावीस वर्षं जगल्या, नाशिकजवळ गंगापूरला राहिल्या, आणि नातवानं सकाळी उठून काय करावं याची पत्रं लिहीत राहिल्या. सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनी नवरा पानिपतावर गेला हे मानलंच नाही, त्या सौभाग्याचं लेणं लेवून राहिल्या.

एकाच मराठेशाहीतल्या या बायका. कुणी जगली, कुणी राज्य केलं, कुणी बातमीवरच विश्वास ठेवला नाही. काळ तसा होता हे खरं, पण त्या काळातही दुसरी दारं होती. ज्या बाईला एखादा मल्हारराव भेटला ती वाचली. रमाबाईला अडवायला कुणी नव्हतं, किंवा जे होते त्यांना ते जमलं नाही. मात्र अहिल्याबाईची स्वतःची मुलगी मुक्ताबाई १७९१ मध्ये महेश्वरला सती गेली, आणि अहिल्याबाईनं किती विनवण्या केल्या तरी तिनं ऐकलं नाही. जिला स्वतःला थांबवलं गेलं होतं, तिला पोटची मुलगी थांबवता आली नाही. हे वाचल्यावर मी चष्मा काढून ठेवला. यावर कुणी कादंबरी लिहिली तर तिचं शेवटचं प्रकरण कसं असेल, असा विचार मनात आला. ते आईच्या बाजूनं लिहावं लागेल.

आता माझ्या आईचं सांगते. माझे बाबा १९७३ मध्ये गेले. आई एकतीस वर्षांची होती, मी सहा आणि भाऊ दोन वर्षांचा. तिला एका शाळेत नोकरी मिळाली आणि तिनं आम्हाला वाढवलं, एवढंच आम्ही नेहमी सांगत आलो. ‘स्वामी’ तिनं आपल्या पगारातून घेतली. दर दोन-चार वर्षांनी ती पुन्हा वाचायची, आणि शेवटी पदर डोळ्यांना लावायची. मी तिला कधी विचारलं नव्हतं. ज्या बाईचा नवरा तिच्या एकतिसाव्या वर्षी गेला, ती नवऱ्यामागे सती जाणाऱ्या बाईची गोष्ट पुन्हा पुन्हा का वाचते? तिला तसं वाटत होतं का? उत्तराची भीती होती म्हणून विचारलं नव्हतं.

आई आता त्र्याऐंशीची आहे. एका डोळ्याला फार कमी दिसतं. एका संध्याकाळी ती गॅलरीत बसून लसूण सोलत होती. मी भिशीतलं सगळं तिला सांगितलं, सून काय म्हणाली, मॅडम काय म्हणाल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मी विचारलं.

ती लगेच बोलली नाही. दोन पाकळ्या सोलून झाल्यावर म्हणाली, “तुझे बाबा गेले त्याला तेरा दिवस झाले, आणि मग घरात कुणी त्यांचं नाव काढलं नाही. काढलं की मी रडीन, म्हणून. मी रडले की तुझी आजी म्हणायची, लेकरांकडे बघ. ते खरंच होतं. लेकरांकडे बघायचं होतं. मग रडायचं कुठं? पुस्तक वाचताना रडलं तर कुणी काही म्हणत नव्हतं. म्हणायचे, ते पुस्तकच तसं आहे.”

मी काही बोलले नाही.

“मी काही रमाबाईसाठी नाही रडायची,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांसाठी रडायची. शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबायची, आणि मग रडायची.”

“आणि तिच्यासारखं जावं, असं कधी…”

“काहून जावं?” ती चटकन म्हणाली. “तुला शाळेत कोण सोडणार होतं?” मग थोड्या वेळानं, लसणाची टरफलं मुठीत गोळा करत, “तिला कुणी विचारलं नाही, बाई तू जगशील का म्हणून. मला पण नाही विचारलं. मला सांगितलं, आता असं राहायचं. हे नेसायचं, हे नाही नेसायचं. लग्नात पुढे नाही यायचं. ती गेली तर तिचं वृंदावन बांधलं. मी राहिले.”

थेऊरला ते वृंदावन मी पाहिलं आहे. अष्टविनायकाच्या यात्रेत चिंतामणीचं दर्शन झाल्यावर नदीकडे गेलो होतो. मी तिथे वाकून नमस्कार केला होता. माझा मुलगा तेव्हा लहान होता, त्यानं विचारलं होतं हे कुणाचं देऊळ आहे, आणि मी म्हटलं होतं, एका राणीचं. आई यात्रेत बरोबर होती. तिनं नमस्कार केला होता की नाही ते मी बरंच आठवून पाहिलं. मला आठवत नाही. माझ्या सासरच्या गावाबाहेर, विदर्भात पुष्कळ ठिकाणी असतो तसा, एक दगड आहे. त्यावर कोपरात वाकलेला एक हात कोरलेला आहे, मनगटात भरलेला चुडा, वर चंद्र आणि सूर्य. त्या बाईचं नाव त्यावर नाही. लग्नानंतर सासूबाईंनी मला तिथे हळदकुंकू वाहायला लावलं होतं. ते मी केलं होतं.

मे महिन्याच्या भिशीत कपाटाचा विषय पुन्हा निघाला. तिन्ही प्रती तिथेच राहिल्या. चिठ्ठी चिकटवली नाही. त्याऐवजी मॅडमनी बाबासाहेबांच्या त्या निबंधाचा मराठी अनुवाद आणून ‘स्वामी’च्या शेजारी ठेवला. काकूंनी तो आधी वाचायला नेला आणि महिनाभर परत आणला नाही. मी तिथे आईचं म्हणणं सांगितलं नाही. ते तिचं होतं.

सुनेला मात्र सांगितलं. ती गप्प झाली. तिनं मला काही उलट विचारलं नाही की पेन्सिलीच्या खुणांबद्दल बोलली नाही. पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघरात होते. आईच्या खोलीतून वाचण्याचा आवाज येत होता. डोळ्यांमुळे आईला आता स्वतः वाचता येत नाही, म्हणून सून तिच्यापाशी बसून वाचत होती, खाकी वेष्टणाचं तेच पुस्तक. नुसतं शेवटचंच प्रकरण. तिचा आवाज आधी सरळ होता, मग एका जागी अडखळला आणि थांबला.

“थांबलीस काहून?” आई म्हणाली.

“आजी, मला हे वाचवत नाही.”

“बरं. ठेव.” मग जरा वेळानं आई म्हणाली, “पाणी दे मला थोडं. आणि मग मी सांगते तुला, तुझ्या आजोबांची सायकल कशी होती.”